कानाला दोन बोटं कमी

आगरची हिरकणी लग्न होऊन तलासरीला आली तेव्हा सासूनं, रखमाबाईनं, तिचं तोंड बघायच्या आधी तिची उंची बघितली.

"चौकटीखालून वाकून ये गं," रखमाबाई म्हणाली. "ह्या घरात आजवर कोनाला वाकावं लागलं नाय."

खोटं नव्हतं ते. नवऱ्याचं, काशीनाथचं, सगळं घराणंच बुटकं. तो बायकोच्या हनुवटीच्या जरासा वर पोचायचा. लग्नात अंतरपाट त्याच्या मापानं धरलेला, म्हणून मंगलाष्टकं चालू असतानाच हिरकणीनं वरून नवरा बघून घेतला होता. देश मोकळा झाल्यावर दोन-तीन वर्षांनी लागलेलं हे लग्न. तलासरीला काशीनाथची भातशेती, वर टेकाडावर गवताची कुरणं, खाऊनपिऊन बरं होतं. एकच गोष्ट नव्हती. दर्या.

आमच्याकडे दर्याच म्हणतात. समुद्र शाळेत असतो, पुस्तकात.

आगरला हिरकणीच्या बापाची वाडी होती, चिकूची आणि नारळाची. वाडीच्या कुंपणापलीकडे सुरूची झाडं, सुरूपलीकडे वाळू, आणि वाळूच्या टोकाला तो. बैलांना गोचिडी झाल्या की बाप त्यांना भरतीच्या वेळी पाण्यात घालायचा. खाऱ्या पाण्यानं गोचिडी गळतात. हिरकणी आणि तिचा भाऊ दौलत, दोघांनी शेपट्या धरून मागं राहायचं. बैल पोटापर्यंत जाऊन थांबायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे, जसं काही कोणी त्यांची पाठ खाजवतंय. पोरं मात्र थांबायची नाहीत. छातीएवढ्या पाण्यात जायची आणि फळी खेळायची.

फळी म्हणजे काय, तर अंगाचीच फळी करायची. होडी नाही, लाकूड नाही, काही नाही. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं आणि लाटा येऊ द्यायच्या. बऱ्याच लाटा फुकट असतात. काही लांबून मोठ्या दिसतात आणि जवळ आल्या की पाण्यात विरघळतात. एखादी गुपचूप येते, पाठ उचलत. ती ओळखायची. ती अंगाशी आली की तिच्याकडे पाठ फिरवायची, पायानं वाळूला लाथ मारायची, हात पुढे ताणायचे, श्वास कोंडायचा आणि अंग ताठ करायचं. वेळ साधली तर लाट बोचकं उचलावं तशी तुम्हाला उचलते. मग तुमचं काही काम उरत नाही. कानात फेस फुटत असतो, पोटाखालून पाणी पळत असतं, आणि तुम्ही त्याच्याच वेगानं किनाऱ्याला येता. शेवटी वाळू पोटाला खरवडते तेव्हा कळतं, आपण माणूस आहोत. वेळ चुकली तर नाकातोंडात पाणी, डोकं खाली, तंगड्या वर.

हिरकणीची वेळ चुकत नसे. लांबलचक अंग, ते लाटेवर नीट बसायचं. दौलत म्हणायचा, "ही आमच्या आयशीनं नाय, लाटेनं आनून टाकलेली हाय." न्हाण आलं तेव्हा घरच्यांनी तिचं वाळूत जाणं बंद केलं. तरी अंधार-उजेडाच्या वेळी, आईला गाठीचं पोलकं वाळत घातलेलं सापडायचं, आणि ते वाळल्यावर पांढरं दिसायचं, मिठानं. आई ते झटकून घडी घालून ठेवायची. तिनंही कधीतरी केलं असणार.

लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं हिरकणी सणासुदीला माहेरी आली की पिशवी ओसरीवर टाकायची आणि सरळ दर्यावर. तेवढ्या एका लाटेवर ती तलासरीचे चार-सहा महिने काढायची. मग तानी झाली.

तानी तीन वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. फाल्गुनात चढला तो उतरेचना. डहाणूच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि वाट बघा म्हणाले. आठवडे गेले. पोर काडीसारखी झाली, डोळे उघडायची तेवढंच. शेवटी चैत्रात गाडी जुंपली आणि तिघांनी पोरीला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नेलं.

नवसाला आमच्याकडे रीत अशी, की नुसतं नारळ कबूल करून भागत नाही. काहीतरी सोडायचं. आवडतं काहीतरी. आता माणूस देवापुढं उभा राहिला तरी माणूसच. रखमाबाईनं पडवळ सोडलं. पडवळ ताटात पडलं की ती आधीच तोंड फिरवायची. काशीनाथनं तपकीर सोडली. तो ओढायचा विडी.

हिरकणीच्या खांद्यावर तानी होती. पोरीचं तापलेलं डोकं तिच्या कानाला लागलेलं, आणि त्या कानात पोरीचा श्वास घरघरत होता. पुजारी म्हणाला, "बाय, तू कय सोडतेस?"

आंबा म्हणाली असती तरी चाललं असतं. वांगं म्हणाली असती तरी कोणी विचारलं नसतं. पण तिला खोटं सुचलं नाही.

"दर्या सोडते," ती म्हणाली. "हे डोकं उभ्यानं माझ्या कानाला लागेल, तवाच मी पान्यात पाय घालीन."

पुजाऱ्यानं मान हलवली आणि कौल घेतला. कौल उजवा आला. घरी येताना गाडीत रखमाबाई म्हणाली, "पोरीसाठी कोनी एवढं सोडतं?" त्या आठवड्यात ताप उतरला.

काशीनाथच्या डोक्यात ती गोष्ट पहिल्यांदा आली. जेवता जेवता त्याचा घास थांबला. "हिरा," तो म्हणाला, "तू नवस बोललीस तवा माझ्याकडं बघितलं नव्हतंस काय?"

"का?"

"मी तरी तुझ्या कानाला लागतो काय?"

रखमाबाई चुलीपाशी हसायला लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. हिरकणी नवऱ्याकडे बघत राहिली. मग तानीकडे. पोर मांडीवर बसून भात चिवडत होती, बापाचं तोंड घेऊन, बापाची आखूड बोटं घेऊन.

त्या दिवसापासून त्या घरात मोजणं सुरू झालं. दर सणाला हिरकणी तानीला शेजारी उभी करायची, टाळूवर तळहात आडवा ठेवायची आणि तो आपल्या अंगापर्यंत आणायची. कमरेला. बरगडीला. काखेला. साठ साली राज्य वेगळं झालं, तलासरीला पेढे वाटले, त्या दिवशी तानी छातीला लागली होती. हिरकणीला राज्याचं फारसं आठवत नाही, छातीचं आठवतं.

गाव मदतीला धावलं. कोणी म्हणालं पोरीला वाशाला लोंबकळत ठेव. काशीनाथनं खरंच दोरखंड बांधला आणि तानीचे हात लांब झाले की काय अशी सगळ्यांना शंका आली. कोणी ताडगोळे खायला सांगितले, ताड उंच असतो म्हणून. गवत कापायला येणारी पाड्यावरची गंगी म्हणाली, "बाई, पोरीला टेकाडाच्या वरच्या अंगाला उभी करा नि तुम्ही खालच्या अंगाला. लागली का कानाला?"

"देवीला टेकाड दिसत नाय वाटतं?" हिरकणी म्हणाली.

"देवी टेकाडावरच ऱ्हाते बाई. तिला सवय हाय."

त्याच टेकाडावर कार्तिकात गवत पिवळं व्हायचं, कमरेएवढं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की ते सगळं एका बाजूनं वाकत यायचं, ओळीमागून ओळ. गंगी खाली बसून पेंढ्या बांधायची आणि हिरकणी विळा हातात घेऊन उभी राहायची. एकदा तिनं विळा टाकला, त्या वाऱ्याकडे पाठ फिरवली, हात पुढे ताणले आणि गवतात आडवी पडली. गवत कुठं उचलतंय. नाकात कुसळं गेली.

"बाई," गंगी वरून वाकून म्हणाली, "अडे गवतात साप असतात."

"ठाऊक हाय."

"मंग उठा की."

त्या टेकाडाच्या माथ्यावरून संध्याकाळी, हवा स्वच्छ असली तर, पार लांब एक चकचकीत पट्टी दिसते. काहींना दिसत नाही. हिरकणीला रोज दिसायची.

माहेरी जाणं तिनं सोडलं नाही. तिथं जास्त त्रास. घरात निजलं की उशाशी दर्या घोरायचा. ती सुरूच्या झाडांपर्यंत जायची आणि तिथंच थांबायची, पाय सुक्या वाळूत. दौलत म्हणायचा, "अगं, पाय तरी बुडव. पाय म्हंजे काय दर्या नव्हे."

"पाय बुडवला की गुडघा मागतो," ती म्हणायची.

तानी चौदा-पंधराची झाली आणि तिचं वाढणं थांबलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तळहात तिथंच. हिरकणीच्या कानाला दोन बोटं कमी. आता रखमाबाईच घाबरली. ती म्हातारी झाली होती, पाठीतून वाकली होती, आधीच बुटकी ती आता चुलीएवढी दिसायची. "कोंबडं दे, नारल दे, मोकली हो," ती म्हणाली. "मी तरी पडवल कधीचं खायला लागले. देवी कय म्हनाली नाय."

"तिनं मना आख्खी पोर दिली," हिरकणी म्हणाली. "दोन बोटं कमी करून नाय दिली."

रखमाबाई पडवळ चिरायला बसली.

अडुसष्टच्या वैशाखात तानीचं लग्न ठरलं, सरावलीला. लग्नाआधी मामानं केळवण केलं, म्हणून मायलेकी आगरला आल्या. जेवणं झाली, उन्हं कलली, वारा सुटला. तानी ओसरीवर आईजवळ येऊन बसली.

"आये, मना एक सांग. मी वाढले नाय, ह्यात माझा काय गुन्हा?"

"नाय गं. तुझ्या बापाचा."

तानी हसली नाही. "जल्मभर माझ्या टाळूवर हात ठेवून तडे दर्याकडं बघतेस. तडे काय हाय ते मी एकदा तरी बघू? अंगावर घेऊन?"

हिरकणी उठली, भावजयीचं जुनं लुगडं मागून आणलं आणि लेकीला घट्ट कासोटा घालून दिला. "दौलत, पोरीबरोबर पान्यात उभा ऱ्हा," ती म्हणाली.

भरती चढत होती. मामा-भाची छातीएवढ्या पाण्यात गेले. हिरकणी सुक्या वाळूत, पाणी येतं त्याच्या एक हात अलीकडे. तिथून ती ओरडत होती. "ही नको. ही फसवी. हीपन नको." तानीनं तरीही घेतली आणि तोंडभर पाणी पिऊन बाहेर आली. पुन्हा घेतली, पुन्हा उलटी झाली, कासोटा सावरत उभी राहिली. दौलत म्हणाला, "हिला बापासारखी तपकीर सोडायला सांग, फळी खेळायला नको सांगू." हिरकणीनं ऐकलं नाही. तिची नजर तानीच्या मागं होती, लाटांवर. पाणी पायाशी आलं की ती एक पाऊल मागं सरत होती, न बघता.

"मागची बघ. ती काळी. आता पाठ कर. थांब. थांब. लाथ मार."

तानीनं लाथ मारली.

लाटेनं तिला उचललं. आखूड अंग, पण ताठ होतं. फेसातून फक्त डोकं आणि पुढे ताणलेले हात दिसत होते, आणि ते किनाऱ्याकडे येत होते, कोणी ओढत नसताना. सुक्या वाळूत उभ्या असलेल्या हिरकणीनं श्वास कोंडला होता. तिच्या पोटाचे स्नायू आवळले होते आणि पायाची बोटं वाळूत रुतली होती. तानीचं पोट वाळूला घासलं तेव्हा हिनं श्वास सोडला.

तानी उठली, खोकली आणि डोळे चोळत धावत आली. तिच्या तोंडावर जे होतं ते हिरकणीला ओळखीचं होतं. पोरगी आईला बिलगली, ओलीचिंब, खारट. सवयीनं हिरकणीचा हात वर गेला. ओल्या टाळूवर तळहात आडवा, तिथून कानाकडे.

"किती?" तानीनं विचारलं.

"दोन बोटं."

"मंग आता गं? मी तर काय वाढायची नाय."

"तू तुझं काम केलंस," हिरकणी म्हणाली. "आता माझं. तुझी आजी बघ कशी वाकली. मीपन वाकेन की."

"कधी?"

"होईन म्हातारी. घाई काय." तिनं हात झटकला, पण पुसला नाही. मग पाणी पायाशी आलं म्हणून ती मागं सरली, पार सुरूच्या खोडाला टेकेपर्यंत. "जा, भरती हाय तवर आनखी एक घे. आनि हनवटी वर ठेव."