भटक्या प्लीहेचं चित्र

"मुलाखत होऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प बसायचं, मॅडम. जमतं लोकांना."

"तू कधीपासून शिकलास गप्प बसायला? माझ्या वर्गात तर श्वास घ्यायलाही थांबत नव्हतास."

"विषय बदलू नका. आज तुम्ही जर्नलला कळवलंत, की आमच्या चित्रात आणखी एक गाठ आहे आणि ती आम्हाला दिसलीच नाही, तर उद्या मुलाखतीत दाखवणार काय? एवढा एकच तर पेपर आहे तुमच्याकडे."

"माझ्याकडे नाही. त्याच्यावर माझं नाव आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं, अहो साहेब?"

माझी मावशी 'अहो साहेब' म्हणाली, म्हणजे पारा चढला. विभागप्रमुखांना हे चांगलं ठाऊक होतं, कारण याच खोलीत, याच खुर्चीवर बसून ते तिच्याकडून रेडिओलॉजी शिकले होते. एरवी ती त्यांना अरेतुरेच करायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. आज मात्र त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं.

"मॅडम, ठिपका आहे तो."

"करंगळीच्या नखाएवढी गाठ आहे. आणि ठिपका कशाला म्हणतात, हे तू मला समजावतोयस? मला?"

"बरं, गाठ. पण उद्या प्रशिक्षणाच्या त्या पदावर तुम्ही नाही बसलात तर तो दुसरा उमेदवार, 'छापखाना', बसेल. पहिल्याच आठवड्यात सकाळचा वर्ग बंद करेल तो. मग शिकवणार कुणाला? लिफ्टमनला?"

हा घाव मात्र वर्मी बसला. मावशीने स्क्रीनकडे तोंड फिरवलं आणि समोरचा रिपोर्ट वाचत असल्याचं नाटक केलं. वाईट नाटक. तिला ते कधीच जमलं नाही.

माझी ही मावशी रेडिओलॉजिस्ट झाली ती काही ठरवून नाही. तिला सर्जन व्हायचं होतं. तिचा नंबर येईपर्यंत तळघरातल्या या विभागाची जागा तेवढी उरली होती, तीच तिच्या पदरात पडली. आजी शेजारणींना सांगायची, "डॉक्टरच आहे हो, पण फोटोवाली." ज्या रुग्णालयात ती शिकली त्याचं नाव सांगितलं की मोठ्या शहरातले डॉक्टर "अच्छा, अच्छा" म्हणून चहाकडे वळायचे. तिथेच ती नोकरीला लागली, तिथेच शिकवायला लागली, आणि बघता बघता रेसिडेंट डॉक्टरांचं सगळं प्रशिक्षण तिच्या गळ्यात पडलं. पद कागदावर दुसऱ्याच कुणाचं. काम हिचं.

तिचा सकाळचा वर्ग म्हणजे एक प्रयोगच असायचा. दिवे बंद. एकच खुर्ची पुढे, तिच्यात त्या दिवसाचा बकरा. स्क्रीनवर स्कॅन. रुग्णाचं नाव नाही, वय नाही, तक्रार नाही. आजाराचं नाव घ्यायला बंदी.

"काय दिसतंय?"

"मॅडम, लिव्हरमध्ये मोठी..."

"थांब! ते लिव्हर काय पळून चाललंय? कोपरे बघितलेस? हाडं बघितलीस? वर फुफ्फुसाची टोकं आली आहेत, त्यांना नमस्कार केलास?"

"नाही, मॅडम."

"चित्रात जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय, त्याच्याकडे शेवटी बघायचं. एक सापडलं की आपले डोळे खूश होतात आणि दुकान बंद करतात. आपल्या धंद्यात माणसं मरतात ती तिथे."

मुलं तिला 'दिसतंयबाई' म्हणायची. तिला हे माहीत होतं, आणि आतून ती सुखावायचीही. तिच्या हाताखालून गेलेली मुलं मोठमोठ्या ठिकाणी विभाग सांभाळत होती. पण तिने स्वतः संशोधन म्हणावं असं काही छापलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "लिहायला संध्याकाळ लागते. माझ्या संध्याकाळी रिपोर्टांनी खाल्ल्या."

मग नियम बदलला. प्रशिक्षणाचं पद आता मुलाखत घेऊन, रीतसर भरायचं ठरलं. उमेदवार शिकला कुठे आणि अलीकडे त्याचं संशोधन काय छापून आलं, हे बघणार. शिकवतो कसा, याला रकानाच नव्हता.

दुसरा उमेदवार तयारच होता. नामांकित विद्यापीठ, परदेशातली फेलोशिप, आणि शोधनिबंध इतके, की त्याला शिंक आली तरी ती जर्नलमध्ये छापून येते, असं कँटीनमध्ये म्हणायचे. म्हणून छापखाना. माणूस वाईट नव्हता. मावशीशी अदबीने बोलायचा. एकदा तिच्या वर्गात मागे येऊन बसला आणि नंतर म्हणाला, "फार छान, मॅडम. हे एकदा रेकॉर्ड करून ठेवू या, म्हणजे रोज घ्यायला नको."

त्या रात्री मावशी जेवली नाही.

तेव्हा विभागप्रमुखांनी तोडगा काढला. विभागातली एक रेसिडेंट मुलगी एका दुर्मिळ केसवर लिहीत होती. पोटदुखीची रुग्ण, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई. तिची प्लीहा, म्हणजे स्प्लीन, डाव्या बरगड्यांखाली असायची ती खाली ओटीपोटात येऊन बसलेली. भटकी प्लीहा. वर जागा रिकामी आणि खाली ही पाहुणी. लेखकांत शेवटचं, म्हणजे मार्गदर्शकाचं, नाव मावशीचं घालायचं.

"मी त्यात काय केलंय?" मावशीने विचारलं होतं.

"मुलीला बघायला कुणी शिकवलं? झालं तर."

माझी आईही मागे लागली. "अगं, जग असंच चालतं. तू एकटीच सोवळ्यात बसून काय मिळवलंस?" मावशी आठवडाभर नाही म्हणाली. मग सकाळच्या वर्गाचं काय होईल, हे मनात आलं आणि हो म्हणाली. छापण्याआधी सगळा मजकूर तिच्याकडे आला. तिने तो बारकाईने वाचला, दोन शब्द सुधारले, चित्र बघितलं. काय सुंदर चित्र होतं! छातीच्या तळापासून मांडीपर्यंत उभा छेद असावा तसं सगळं पोट, आणि तळाशी ती प्लीहा, ऐटीत. मावशी खूश झाली.

छापून आलं. मावशीने हौसेने ते चित्र वर्गात लावलं. नव्या मुलांची बॅच होती, म्हणून म्हणाली, आज मीच वाचून दाखवते. "हे बघा, डावा खालचा कोपरा. काही नाही. पाठीचे मणके, एकेक. ठीक. आता वर चला. छातीचा तळ, फुफ्फुसाचं काळं टोक, त्यात..."

आणि ती बोलायची थांबली.

मुलांना वाटलं, ती आपल्याला विचारतेय. एकजण म्हणाला, "मॅडम, प्लीहा खाली आहे."

"हो," मावशी म्हणाली. "प्लीहा खाली आहे." तिने स्क्रीन बंद केला आणि दिवे लावले. वर्ग अर्ध्यात सोडला, असं पहिल्यांदाच घडलं.

मूळ स्कॅनमध्ये फुफ्फुसातली ती गाठ स्पष्ट होती. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नव्हता. प्लीहा जागेवर बसवण्याचं ऑपरेशन झालं, बाई बरी होऊन घरी गेली, सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. रेसिडेंट मुलीने ते चित्र बघितलं, विभागप्रमुखांनी बघितलं, जर्नलने ज्यांना तपासायला दिलं त्यांनीही बघितलं. आणि दिसतंयबाईंनी बघितलं.

मावशीने त्याच दुपारी रुग्णाच्या घरी फोन लावला. तिच्या बहिणीने उचलला.

"ताई आहेत का? मी रुग्णालयातून बोलतेय. त्यांची तब्येत कशी आहे, विचारायचं होतं."

"कसली तब्येत हो! खोकल्याचं निमित्त झालं आणि फुफ्फुसाचं दुखणं निघालं. आता सगळीकडे पसरलंय म्हणतात. ऑक्सिजनवर आहे. बोलवत नाही तिला." मग थोडं थांबून ती बाई म्हणाली, "तुम्ही मात्र फार चांगल्या आहात हो. ऑपरेशन होऊन इतके दिवस झाले, तरी चौकशी करताय. तिथल्या कुणी केली नाही."

मावशीच्या तोंडून एवढंच निघालं, "काळजी घ्या." फोन ठेवल्यावर बराच वेळ ती हात धूत राहिली, असं तिनेच पुढे आईला सांगितलं.

त्यानंतरचं भांडण वर आलंच आहे. शेवटी विभागप्रमुख तिच्या समोर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बाईला आता काहीच उपयोग नाही, मॅडम. उरला प्रश्न तुमचा, आणि त्या मुलीचा. आत्ता कुठे उभी राहतेय ती."

"आणि त्या बहिणीला काय सांगू?"

"तिने विचारलंय का?"

मावशीने जर्नलला लिहिलं नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे आली. आईने तिची साडी बघून नाक मुरडलं, उद्यासाठी आपली निळी काढून दिली.

"गप्प का आहेस अशी? तुझ्याइतकं शिकवतं कोण तिथे?"

"शिकवते खरी," मावशी म्हणाली. "मलाच येत नाही."

"पुरे झाली नाटकं. इस्त्री करून ठेवते."

इस्त्री म्हटल्याबरोबर मावशी उठून बाल्कनीत गेली. आईला काही कळलं नाही. तेव्हा मलाही नाही.

मुलाखतीचं मावशीने मला एकदाच सांगितलं. प्रशासनाच्या इमारतीतली वरची खोली, लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. अध्यक्ष वयस्कर रेडिओलॉजिस्ट, स्वभावाने मऊ. तुम्ही कुठे शिकलात, हे त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून "अच्छा, अच्छा" म्हणाले. मग त्यांनी आपल्या मागच्या भिंतीवर चित्र लावलं. तेच.

"संशोधन थोडं आहे तुमचं, पण हे उत्तम आहे," ते म्हणाले. "खरं सांगू? मी माझ्या मुलांनाही दाखवलं. फार बोलकं चित्र आहे."

"तुम्ही दाखवलंत?" मावशीने विचारलं.

"दोनदा. सगळे खूश." ते हसले. इतर दोघंही हसले.

मावशी बघत राहिली. एवढ्या मोठ्या भिंतीवर ती गाठ आता नखाएवढी नव्हती, मुठीएवढी होती. कोपऱ्यात, काळ्यावर राखाडी. तिघांच्याही डोक्यांवर. बोलावं तर पद गेलं, वर्ग गेला, ती मुलगी गेली. न बोलावं तर ही तीन माणसं खूश होतील, तिला ते पद देतील, आणि उद्या सकाळी दिवे बंद करून तिला नव्या मुलांसमोर उभं राहावं लागेल. तिने तोंड उघडलं.

"तर शेवटचा प्रश्न, मॅडम," अध्यक्षांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "समजा अगदी नवा विद्यार्थी आहे. हे चित्र त्याला नीट बघायला कसं शिकवाल?"

एकाने पेनाचं टोपण काढलं, उत्तर टिपून घ्यायला.

"मॅडम? बरं वाटत नाहीये का? पाणी मागवू?"

मावशीने पर्स उचलली, खुर्ची हळूच टेबलाखाली सरकवली आणि ती खोलीबाहेर निघून गेली.