आमच्या संगीतानं सोडलेलं क्रिकेट

त्या रविवारी एरंडोलजवळ पाटील सरांच्या मळ्यात आमच्या शाळेच्या स्टाफची भरीत पार्टी होती. आणि मी सकाळपासून जळत होते… वांग्यांच्याही आधी!

कारण सांगते. नसीम आणि मी जळगावात एकाच शाळेत शिकवतो, त्याला तेव्हाच बारा वर्षं झाली होती. ती गणित, मी मराठी. ऑफ तासाला मॅच असली की एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या… वायर आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं लावून बसायचं. विकेट पडली की ती माझ्या दंडाला चिमटा काढणार, हे ठरलेलं.

मग त्या हिवाळ्यात तो कायदा आला. शेजारच्या देशांतून आलेल्यांना नागरिकत्व देताना धर्म बघणारा. पाठोपाठ सगळ्यांचेच कागद तपासणार, अशी चर्चा होती. नसीमच्या घरी तिच्या अब्बांचे जुने दाखले बाहेर निघाले… तीन कागदांवर नावाची तीन स्पेलिंगं.

एक दिवस तिनं इयरफोन शांतपणे माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "ज्या खेळाडूंसाठी, ज्या हिरोंसाठी आपण घसे बसवून घेतले, त्यांच्यातला एक तरी आमच्यासाठी बोलला का? आता मॅच नाही, सिनेमा नाही. कायदा आहे तोवर नाही."

मला वाटलं, राग आहे, ओसरेल. 'खेळात राजकारण कशाला' हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं… आणि मॅच बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी संगीतानं स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की नसीम मॅडमसोबत तिचाही बॉयकॉट. संगीता म्हणजे चित्रकलेची, तेव्हा नवीनच आलेली. ओव्हर संपली म्हणजे मॅच संपली का, असं तिनं मला एकदा विचारलं होतं… तिनं क्रिकेट सोडलं म्हणे!

तेव्हापासून ऑफ तासाला त्या दोघी मैदानाला चकरा मारायच्या. नसीमच्या डब्यातली लसणाची चटणी, जिच्यावर बारा वर्षं माझा हक्क होता, ती संगीताच्या पोळीवर जाऊन पडायची. मी आपली स्टाफरूमच्या खिडकीत… एका कानात कॉमेंट्री, दुसरा इयरफोन लोंबकळतोय.

हेवा वाटत होता मला. सरळच सांगते, पोटात दुखण्याइतका.

तर त्या रविवारी मळ्यात पुरुष मंडळी विहिरीजवळ मोबाईलभोवती जमली होती, मॅच चालू होती. आम्ही बायका कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी सोलत होतो. पाटील सरांच्या आई, म्हणजे अक्का, लाकडी बडगीत भरीत ठेचत होत्या.

ठेचून झालं की अक्का दर वर्षी कुणाच्या तरी तळहातावर घास ठेवतात आणि विचारतात, "मीठ बरोबर शे का, माय?" स्वतः चाखत नाहीत. त्या वर्षी संगीतानं त्याचं कारण विचारलं.

"काशीले सोडं मी वांगं," अक्का म्हणाल्या. "आवडस म्हणीसन सोडं. कारलं सोडीसन काय पुण्य भेटी?"

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडून यायची, ही जुनी रीत. आणि हुशार माणसं तिथे कारलं सोडून येतात, हेही तितकंच जुनं.

मला तर आयतं कोलीत मिळालं. "अक्का, आमच्या संगीतानं क्रिकेट सोडलंय… कारलंच की ते!" सगळ्या खो खो हसल्या. संगीताही हसली, पण कान लाल झाले तिचे.

नसीम हसली नाही. हातातलं वांगं सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "कारलं का होईना… माझ्यासोबत सोडलं तिनं."

तेवढ्यात विहिरीकडून ओरडा उठला. विकेट! नसीमचा हात आपोआप माझ्या दंडाकडे आला… आणि मध्येच थांबला. बोटं वांग्याच्या काजळीनं काळी झालेली. तिनं हात मागे घेतला आणि पुढचं वांगं उचललं.

तो न काढलेला चिमटा मला जेवढा लागला, तेवढा बारा वर्षांत एकही लागला नव्हता. तिनं काय सोडलंय, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारपासून माझा इयरफोन ड्रॉवरमध्ये पडला तो पडलाच. फार मोठेपणा घेत नाही… कायद्याचा नीट विचार मी नंतर केला. आधी हेवाच होता. संगीतानं तिच्यासाठी सोडावं आणि मी नाही?

कायदा अजून आहे, आमचं सोडणंही अजून आहे. परवा ऑफ तासाला आम्ही तिघी बसलो होतो आणि शिपाईकाकांच्या खोलीतून एकदम जल्लोष ऐकू आला. नसीम वह्या तपासत होती. मान वर न करता, हुबेहूब अक्कांच्या आवाजात म्हणाली, "मीठ बरोबर शे का, माय?"

"मला काय माहीत? मी तरी कुठे चाखलंय!" मी म्हणाले.

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो… आणि किती तरी वर्षांनी माझ्या दंडाला चिमटा बसला.

संगीता आमच्याकडे बघतच राहिली. "कुणी भरीत आणलंय का?" म्हणाली.

चांगली मुलगी आहे हो ती. तिनं आधी सोडलं नसतं तर मी कधीच सोडलं नसतं, तिचे उपकार मी मानतेच… पण मिठाचं तिला नाही सांगितलं.