दाजींचा बुधवार

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू बाजारात आली त्या दिवशी घेतली नाही. मोबाईल घ्यायचे तो त्याच्या पुढचं मॉडेल निघाल्यावर. दिवाळीचे कपडे तुळशीचं लग्न लागल्यावर. ताईशी लग्न झालं तेव्हाच्या फोटोत त्यांच्या अंगावर जो सूट दिसतो तो त्यांच्या चुलतभावाचा आहे. स्वतःचा सूट त्यांनी लग्नसराई उलटून दुकानात सूट लागल्यावर घेतला आणि मग तो घालायला लग्नच उरलं नाही.

दाजी मूळचे आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, कर्जतकडचे. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. नोकरीनं जिल्ह्याच्या या टोकाला, आमच्या अकोले गावात आले आणि इथलेच जावई झाले. मोटारसायकलवर लशींची पेटी बांधून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचे. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा आणि ते दर वेळी, "डॉक्टर न्हाई ओ मी," असं म्हणत गायीला सुई टोचायचे. या माणसाला व्हिडिओ गेमचा नाद असेल असं त्यांच्याकडे पाहून कुणालाही वाटलं नसतं. पण होता, आणि तो खेळण्यापेक्षा खरेदीचा जास्त होता.

त्यांनी गेमचा कन्सोल घेतला तोही नवीन मॉडेल आल्यावर, जुन्यातला, आणि डिस्क घालायची फटच नसलेला, कारण तो स्वस्त पडला. फट नाही म्हणजे कुणाचा गेम उसना आणायची सोय नाही, जुना विकत घ्यायची सोय नाही. जे घ्यायचं ते कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून. एकच दुकान, एकच भाव, आणि दुकानदार काही डोळ्यांना दिसत नाही. मी म्हटलं, "दाजी, फसलात." ते खूश होऊन म्हणाले, "आता मजा हाय. बघू कोन कुनाला दमवतंय."

मशीन मात्र ठेवलं आमच्या घरी. फायबरची तार नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गल्लीपर्यंत आली होती. नदीपलीकडे ताई-दाजींच्या भाड्याच्या घराला ती पोचायची होती. त्यामुळे दाजी दवाखान्यातून सुटले की हातपाय धुवायला आमच्याकडेच. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. सुटीला घरी आले की दिवाणखान्यात दाजी, टीव्हीवर ते दुकान, आणि दुकानातला एकेक गेम बाजारातला बैल पाहावा तसा पाहणं चाललेलं.

बैलाची उपमा माझी नाही. त्यांचे वडील त्यांना लहानपणापासून जनावरांच्या बाजाराला न्यायचे आणि सगळं शास्त्र त्यांनी तिथून उचललं होतं. नव्या गेमची झगमगीत जाहिरात लागली की म्हणायचे, "शिंगं रंगवून, झूल घालून उभा केलाय. चालवून दाखव म्हनावं." दुकानाच्या पानावर 'सवलत संपायला इतके तास उरले' असं घड्याळ पळायला लागलं की आमचा जीव वर-खाली व्हायचा. दाजी चहा पीत ते शून्यावर येईपर्यंत बघायचे. महिन्या-दोन महिन्यांत तोच गेम तेवढ्याच सवलतीत परत यायचा. "आला का फिरून? लई तास मोजत हुता."

त्यांचा सिद्धांत असा, की गेम निघतो तेव्हा तो कच्चा असतो. "पाडाला येऊ दे" हे त्यांचं आवडतं वाक्य. निघाल्या दिवशी सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त चुका. मग कंपनी दुरुस्त्या पाठवते. मग राहिलेले भाग वेगळे विकते. "आधी घर विकत्यात, मग दारं, मग खिडक्या. आपुन वास्तुशांत झाल्यावर जायाचं." म्हणजे वर्ष-दीड वर्षानं, सगळे भाग एकत्र करून निम्म्या किमतीत लावतात तेव्हा. गेमच्या आत खर्चायची नाणी तर ते शिवायचेही नाहीत. हवी ती वस्तू घेऊन थोडी नाणी उरतीलच अशा हिशेबानं त्यांची पाकिटं बांधलेली असतात, हे त्यांनीच मला दाखवलं. "उरलेली नानी म्हंजे येसन हाय, मंजू. तिला धरून परत ओढत न्यायाचं."

मला हे पटत नव्हतं. पहिला पगार झाल्यावर मी त्यांच्या वाढदिवसाला एक गेम निघायच्या आधीच नोंदवून टाकला, तोही सगळ्यात भारी आवृत्तीत. तिच्यात नायकाला सोन्याचे बूट मिळणार होते. गेम निघाला. नायक सोन्याचे बूट घालून उभा राहिला आणि जमिनीतून आरपार खाली गेला. परत सुरू केला, परत गेला. जगभर सगळ्यांचेच नायक असे पाताळात चालले होते आणि कंपनी माफी मागत होती. मला वाटलं दाजी आता हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी याहून वाईट केलं. रोज फोन करून गंभीर आवाजात, एखाद्या आजारी म्हशीची चौकशी करावी तशी चौकशी सुरू केली. "कसा हाय तुमचा गेम? उभा राहतोय का? रवंथ करतोय का?" मी दुसऱ्या आठवड्यात त्यांचे फोन घेणं बंद केलं.

बुधवार हा त्यांचा खास दिवस. दुकानातल्या नव्या सवलती बुधवारी लागायच्या. त्या दिवशी दाजी लवकर यायचे आणि येताना ओली भेळ आणायचे. नाना आधी तोंड फिरवून बसत. नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या लेखी हा पोरखेळ होता आणि खेळणारा सरकारी नोकर होता. आई गेल्यापासून नाना तसेही फारसे कुणाशी बोलत नसत. एकच पेपर सकाळी वाचायचा, दुपारी पुन्हा वाचायचा.

अशाच एका बुधवारी दाजींना मासेमारीचा एक गेम जवळजवळ फुकटात मिळाला. बाकी काही नाही, तळ्याकाठी उभं राहायचं, गळ टाकायचा, वाट बघायची. वाट बघणं हाच खेळ, म्हणजे दाजींसाठीच केलेला. ते गळ टाकत बसले होते आणि मागून नानांचा आवाज आला, "असा टाकतात का गळ?"

नानांचं बालपण भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी गेलेलं. दाजींनी कंट्रोलर मागे सरकवला. नाना म्हणाले, "मला नाही येत ते." मग म्हणाले, "यात ओढायचं कुठून?" त्या संध्याकाळी नानांनी कसला तरी परदेशी मासा काढला, त्याचं इंग्रजी नाव वाचलं, आणि "ही आपली मरळच आहे, नाव बदललंय फक्त," असा निकाल दिला. भेळ मऊ होऊन गेली.

त्यानंतर घरात आवाज परत आला. सासरे-जावई शेजारी बसून एका तळ्यात गळ टाकायचे आणि भांडायचे. गेममध्ये तळी थोडी. बाकीची तळी कंपनी एकेक करून वेगळी विकायची. नाना अधीर व्हायचे, दाजी त्यांना थोपवायचे. हळूहळू नानाही त्या पंथाला लागले. मी एकदा म्हटलं, "नाना, ते नॉर्वेचं तळं मी घेऊन देते," तर मला म्हणाले, "तुला घाई फार. पाडाला येऊ दे." ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "झालं! आता दोन झाले!"

ताईच्या त्या ओरडण्यात थट्टा होती, पण फक्त थट्टा नव्हती. हे आम्हाला उशिरा कळलं. दाजी गेमचीच वाट पाहायचे असं नव्हतं. घर बांधायचं, तर सिमेंट उतरू दे. कुठे फिरायला जायचं, तर गर्दी ओसरू दे. मूल, तर जरा स्थिर होऊ दे. ताई बँकेत होती. तिला बढती मिळून नाशिकला जायचं आलं तेव्हा दाजी म्हणाले, "थांब की, माझी बदली हुतीय का बघू." ती थांबली. बढती दुसऱ्याला गेली. पुढे पुन्हा आली, पुन्हा तेच. बदलीचा अर्ज दाजींनी केलाच नव्हता. योग्य साहेब येईपर्यंत ते थांबले होते.

तिसऱ्यांदा बढती आली तेव्हा मी घरी होते. रविवारची दुपार. दाजी आणि नाना तळ्याकाठी. ताई आत आली, तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात नाशिकला हजर होतेय. तुम्ही येताय का?"

दाजी म्हणाले, "अगं, थांब की जरा."

"किती?"

दाजींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. ताईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मी सेलमध्ये येणार नाहीये हो."

कुणी हसलं नाही. नानांचा गळ पाण्यात तसाच होता. त्याला मासा लागला, त्यानं दोरी ओढली आणि तो तोडून निघून गेला, तरी नानांनी बटण दाबलं नाही.

ती नाशिकला गेली. दाजी सुटीच्या दिवशी जायचे, मग कधीतरी जायचे. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवायला काही सापडलं असतं. वर्षभरानं दोघांनी समजुतीनं घटस्फोट घेतला. दोघं कोर्टातून एकाच रिक्षानं स्टँडवर आले, असं ताईनंच सांगितलं. मग दाजींनी बदलीचा अर्ज केला आणि तो आठवड्यात मंजूर झाला. कर्जत.

निघायच्या आदल्या दिवशी ते नानांना भेटायला आले. नानांनी मशीनच्या वायरी काढून, मशीन टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं. दाजींनी ते उचललं, टॉवेल काढला आणि पुन्हा टीव्हीखाली लावून दिलं.

"जावईबापू, तुमचं आहे ते," नाना म्हणाले.

"असू द्या. तुमचा हात बसलाय त्याच्यावर."

"गेम सगळे तुमच्या नावावर आहेत."

"चालत्यात की. न्हाई चालले तर फोन करा."

नाना त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. हे मला नानांनी फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता मध्येच, "बरं, ठेवतो," म्हणून फोन ठेवला.

गेम चालत राहिले. ते का चालतात हे मी पुढच्या सुटीत सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. या ऑनलाइन दुकानाचा असा नियम असतो, की ज्याच्या खात्यावर गेम घेतले त्याचेच ते असतात. पण खातेदारानं एखादं मशीन आपल्या घरचं म्हणून नोंदवलं, तर त्या मशीनवर घरातला कुणीही ते खेळू शकतो. घर मात्र एकच नोंदवता येतं. दाजींच्या खात्यावर घर म्हणून आमच्या दिवाणखान्यातलं मशीन नोंदवलेलं होतं. कर्जतला बसून, मोबाईलवर एक बटण दाबून त्यांना ते काढता आलं असतं. मला वाटलं, नवीन मशीन घेतील तेव्हा काढतील. नानांना मी काही बोलले नाही. पण दर फोनला विचारायची, "गेम चालतोय ना?" नाना म्हणायचे, "न चालायला काय झालं?"

गेल्या हिवाळ्यात त्या मासेमारीच्या गेमचं नवीन तळं येणार असल्याची जाहिरात लागली. डोंगरातलं तळं, धुकं, काठाला भाताची खाचरं. नानांनी जाहिरात इतक्यांदा पाहिली की मीच म्हटलं, नाना आता वयानं थकलेत, यांना नाही थांबवायचं. ते निघालं त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून अकोल्याला आले. एसटीतून उतरून थेट टीव्हीपुढे. दुकानाचं पान उघडलं, कार्ड हातात घेतलं, आणि किंमत कुठे दिसेना. किमतीच्या जागी 'डाउनलोड करा' एवढंच लिहिलेलं.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"घेतलंय कुणीतरी. तुमच्यासाठी उघडं आहे."

"कुणी?"

खातं एकच होतं. सकाळीच निघालेलं तळं, सकाळीच, कसलीही सवलत नसताना घेतलेलं.

नाना चष्मा पुसत म्हणाले, "पण त्यांच्याकडे मशीन कुठंय?" कर्जतला दाजींकडे मशीन नव्हतंच. मोबाईलवरून खरेदी करता येते, खेळता येत नाही. त्यांनी स्वतःला उघडताही येणार नाही असं तळं घेतलं होतं.

नानांनी मला नंबर लावायला सांगितला. स्पीकरवर गायींचे आवाज येत होते.

"बोला नाना."

"जावईबापू..." नाना अडखळले, पण त्यांना दुसरा शब्द सापडला नाही. "जावईबापू, कच्चं आहे हो ते अजून. आज निघालंय."

"व्हय. म्हाईत हाय."

"मग कशाला घेतलंत?"

पलीकडे कुणीतरी दाजींना 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. दाजी म्हणाले, "मासं कसलं हायेत त्यात, ते सांगा मला संध्याकाळी," आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी आधी ताईचा फोन आला, नेहमीसारखा, जेवलात का म्हणून. नानांनी तिला सगळं सांगितलं. मी शेजारीच होते. त्यांनी काही वाढवलं नाही, काही गाळलंही नाही. निघाल्या दिवशी, पूर्ण किमतीला, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बँकेची जिल्हाभरची कामं सांभाळणाऱ्या माझ्या ताईनं, सवलत नव्हतीच ना, असं पुन्हा विचारून घेतलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे न थांबणं येत होतं त्यांना."