चारचौघांत काढलेली चूक

आमची सॉफ्टवेअर कंपनी पुण्याची, पण आम्ही पाचजण बसायचो खामगावात, जिनिंगच्या रस्त्यावर, जिथे पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कापूस चिकटतो. इतर टीमच्या कोडमधल्या चुका शोधून दुरुस्त करणं हेच आमचं काम. त्यासाठी कंपनीत एक सामाईक व्यवस्था होती: कोणाचाही कोड कोणीही उघडावा, दुरुस्ती सुचवावी, चर्चा सगळ्यांदेखत व्हावी. ती ठेवायची की प्रत्येक टीमच्या कोडला कुलूप घालायचं, हे तपासायचं काम इथली प्रमुख म्हणून माझ्याकडे आलं. कुलूप लागलं असतं तर आमचं ऑफिस बंदच.

"खामगावातून तिथे एकही सूचना नाही," पुण्याचे साहेब म्हणाले. "मग हा पसारा कशाला?"

पाहिलं तर खरंच शून्य. माझं डोकंच फिरलं, कारण आमची माणसं दिवसभर दुरुस्त्याच करत होती. शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं. त्याची बायको इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, पोरगी लहान. ऑफिस बंद पडलं तर त्याला एकट्यालाच पुणं गाठावं लागणार होतं.

"मी फोन करून सांगून देतो ना ताई," तो म्हणाला. "चारचौघांत कोणाची चूक काहाडू का? बरं दिसते का ते?"

बाकी तिघांचंही हेच. काय म्हणावं या भिडेला! मी चुका फोनवर सांगायला सक्त मनाई केली. आणि पहिली चूक निघाली ती नेमकी साहेबांच्याच कोडमध्ये. ती सापडली शेजारच्या सहकाऱ्यालाच. त्याने आधी 'नमस्कार सर, तब्येत बरी ना?' लिहिलं, मग घाम पुसत चूक आणि तिची दुरुस्ती लिहिली.

लगेच नाशिकच्या टीमने लिहिलं, याच चुकीने आम्हालाही छळलंय. आणखी कोणी त्याची दुरुस्ती सुधारली. संध्याकाळी काम फत्ते! फोनवर हेच सगळं एका कानात राहिलं असतं. मी अहवालात स्पष्ट लिहिलं की व्यवस्था उत्तम आहे, भीड आमची होती. आणि ती चर्चा तब्येतीच्या चौकशीसकट जोडून दिली.

ऑनलाइन बैठकीत साहेबांनी ती मोठ्याने वाचली आणि हसले. "माझी चूक सगळ्या कंपनीने पाहिली," ते म्हणाले, "म्हणून तर एका दिवसात गेली. कुलूप नको. खामगावचं ऑफिसही राहू द्या."

"जितलो बे!" शेजारून आरोळी उठली. माईक चालू होता, पुण्यापर्यंत ऐकू गेलं असणार. जाऊ दे, म्हटलं, आणि मीही टेबलावर थाप मारली. तो तर केव्हाच जिन्यात पोचला होता आणि बायकोला फोनवर ओरडून सांगत होता, "अवं, मी कुठीच जाऊन नाही राह्यलो!"