वेताच्या कोपऱ्याची गाठ

दीड महिना झाला. मी शिकवते त्या शाहपूरच्या शाळेत प्रार्थना चालू होती आणि मामींचा फोन आला. "मामा गेले गं," एवढंच म्हणाल्या. मी बुऱ्हाणपूरची बस पकडली. खिडकीतून केळीचे मळे मागे पडत होते आणि मला मामांचा चेहरा आठवत होता... डोळे बारीक करून समोरच्याला तोलणारा. सुधाकरमामा वेताचं काम करायचे. खुर्च्या, बसायचे गोल मुढे, लहान मुलांचे पाळणे. कामात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि संशयातही नव्हतं.

तो संशय जन्माचा नव्हता, धंद्याने शिकवलेला होता. वेत आसामकडून व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत यायचा. मोळीच्या बाहेरून सरळ, सोनेरी काड्या आणि आत किडलेल्या. एकदा अशाच वेताची आरामखुर्ची दापोऱ्याच्या एका घरी मोडली आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना लागलं. मामा स्वतः जाऊन माफी मागून आले. त्या दिवसापासून ते व्यापाऱ्यासमोरच मोळी सोडायचे, एकेक काडी गुडघ्यावर वाकवून बघायचे, नाकाशी धरायचे. "काका, भरोसा नाही का?" व्यापाऱ्याने विचारलं. "होता," मामा म्हणाले, "म्हणून तर आता वास घेतो."

पुढे बाजारात प्लॅस्टिकचा वेत आला. भिजवायला नको, वाकवायला आच नको. नवी कामं आटली, दुरुस्ती तेवढी उरली. तरी मामांचा पाळणा लोक मागायचे, कारण त्याच्या कोपऱ्याची गाठ. वेताची साल फिरवून ते अशी अडकवायचे की खिळा लागत नसे आणि पाळण्यातली पोरं मोठी झाली तरी गाठ हलत नसे. ती बांधताना कुणी दारात आलं की ते मांडीवर पोतं ओढायचे. मलाही तोंड फिरवून बसायला सांगायचे.

मला वाटलं, लोकांनी हे काम पाहिलं तर गिऱ्हाईक वाढेल. एका दुपारी त्यांना न सांगता खिडकीतून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. गिऱ्हाईक एकही आलं नाही. काही महिन्यांनी मात्र गावातल्या एका दुकानात प्लॅस्टिकचे पाळणे लागले, कोपऱ्याला हुबेहूब मामांची गाठ. मामा माझ्या घरी आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले. "सही सांग पोरी, माझा कोपरा कोणाला दिला?"

"मी? नाही मामा."

त्यांनी डोळे बारीक करून मला तोललं आणि ते आल्या पावली परत गेले. त्यानंतर चार वर्षं मी गेले की ते हातातलं काम थांबवायचे. बोलायचे, पण ऊन-पावसाचं.

यंदा त्यांना दम लागायला लागला, बोटं सुजली. एके दिवशी त्यांच्या खाटेजवळ बसून मी सांगून टाकलं. "मामा, तो व्हिडिओ मीच काढला होता."

"मालूम आहे," ते म्हणाले. "एकाने दाखवला होता मला. त्यात तू हळूच बोलते... हे बघा, आमचे मामा."

मला रडू आवरेना. ते छताकडे बघत म्हणाले, "बनियन फाटकी होती माझी. तेवढं तरी बघायचं होतं." मग मामींकडून भिजवलेली साल मागवली. "त्या लोकांनी दिसलं तेवढं उचललं. आतला फेर त्यांना दिसलाच नाही. वर्षात ढिले झाले त्यांचे पाळणे. हात पुढे कर." माझ्या बोटांवर आपली सुजलेली बोटं ठेवून त्यांनी माझ्याकडून एकेक फेर फिरवून घेतला. ती आमची शेवटची भेट.

त्यांचा अर्धा राहिलेला पाळणा मामींनी जागचा हलवलेला नाही. रविवारी मी जाते, साल भिजवते, कोपरा बांधते. दिसायला अगदी त्यांच्यासारखा होतो. पुढच्या रविवारी हात लावला की सैल. माझी बोटं कच्ची असतील, पण दर वेळी शंका येतेच. परवा मामींना विचारलं, "मामांनी एखादा फेर राखून तर नाही ना ठेवला?"

मामी मेथी निवडत होत्या. "असेलही," त्या म्हणाल्या. "शुगरची गोळी घेतली का, हेसुद्धा मला खरं सांगत नसत."

मी गाठ सोडली आणि साल पुन्हा पाण्यात टाकली.