अखंड दिव्याची पाळी

गणपतीच्या दिव्यासाठी तेल घ्यायला काल बिट्टन मार्केटला गेलो. तिळाच्या तेलाचा वास आला आणि दिव्याच्या पाळीचे ते जुने दिवस आठवले.

घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि दारूपायी सरकारी नोकरी तेव्हा जायच्या बेतात होती. दवाखान्यातून गोळ्या घेऊन परतलो, तर आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळाने गणपतीसमोरचा अखंड दिवा माझ्यावर सोपवला. रोज संध्याकाळी माझी पाळी. शेजारी खुर्ची टाकून पेंडसेकाका बसत.

तिसऱ्या दिवशी सात वाजता दारूची तलफ आली. मागे कनात, पुढे आरतीची गर्दी. कोंडल्यासारखं झालं.

"काका, जवाहर चौकातून पाच मिनिटांत येतो. दिव्याकडे बघा."

"मला मोतीबिंदू. तेल सांडेल माझ्याकडून."

"मग काकूंना सांगा."

"ती प्रसादात अडकलीय. बस रे मुकाट्याने! दिवा विझला तर सगळी कॉलनी तुझ्या नावाने खडे फोडेल."

मी दातओठ खात तेल घालत राहिलो. आरती संपली आणि काका हारासाठी सुईत दोरा ओवायला बसले. पहिल्याच खेपेला ओवला. तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा यावा तसा मला त्यांचा संताप आला.

त्यानंतर मी प्यायलो नाही, नोकरीही टिकली. काका आता नाहीत. यंदा दिव्यापाशी नव्याने बदलून आलेला एक इंजिनिअर बसतो, सारखा बाहेर बघत. मी शेजारी खुर्ची टाकली आहे. चष्मा घरी राहिला, असं त्याला सांगितलंय. चष्मा माझ्या खिशात आहे.