वरच्या वावराचं पाणी

"पानी उताराले जातच असते, सूनबाई. मी का त्याले पाठवतो?" असं वरच्या शेताचा मालक म्हणायचा, आणि म्हणताना त्याच्या हातात फावडं असायचं. फावड्याला ओला चिखल. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्याला पाडलेल्या भगदाडातून त्याच्या वावराचं गढूळ पाणी नाल्यात धबाधबा पडत असायचं. तुम्हीच सांगा, अशा माणसाशी काय बोलावं? मी मात्र बोलायची. गावची सून म्हणून डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, पण तोंडाला काही पदर नव्हता.

आमचं गाव नरखेडकडचं. नवरा नागपूरला गिरणीत, सुटीला यायचा. वावर माझ्या एकटीच्या अंगावर. नाल्याच्या वरच्या अंगाला त्याची संत्र्याची बाग आणि कपाशी, खालच्या अंगाला मी. माझी ढोरं त्याच नाल्यावर पाणी पीत, विहीरही काठालाच. संत्र्याच्या बुडाशी पाणी थांबलं की झाड सडतं, हे मलाही कळत होतं. म्हणून काय भर पावसात एकदम धुरा फोडायचा? पाणी एकटं येत नसे. माती, शेणखत, नवीनच निघालेली ती फवारणीची औषधं, सगळी घाण खाली माझ्याकडं.

कृषी खात्याचा माणूस एकदा सांगून गेला, नाल्याच्या काठानं गवताची पट्टी राखा, पाणी गाळून जाईल, माती जागेवर राहील. हा त्याच्या तोंडावर म्हणाला, "गवताले का संत्रे लागतात, साहेब?" आणि दुसऱ्या दिवशी अगदी काठापर्यंत वखर घातला.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या वावराचा कोपराच खचून नाल्यात गेला आणि माझ्या काठाला येऊन साचला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तर सकाळी हा घमेलं घेऊन हजर.

"माही माती वापस दे वं."

"न्या मामाजी. गोटे बी न्या. तुमचेच हायेत."

आणि नेली की हो त्यानं! दिवसभर घमेली वाहत होता. शेवटी कंबर धरून बसला, तेव्हा माझ्या विहिरीचं पाणी मीच त्याला दिलं. पिऊन म्हणतो कसा, "कडू लागते वं तुह्या विहिरीचं पानी." कडू नाही तर काय साखर लागेल? तेच घमेलं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हसून सांगितलं असतं. पण पोळा आला. पोळ्याच्या सकाळी सगळं गाव बैल धुवायला नाल्यावर येतं. मीही आमची जोडी घेऊन गेले. डोहात बैलच बैल, पोरांचा गलका, आणि तेवढ्यात वरून हा धावत आला. डोक्याला टोपी नाही, धोतर सुटलेलं.

"बैल काढा गा! पानी पाजू नका! औषधाचा ड्रम धुतला मी सकाळी, उरलेलं यातच वतलं!"

लोकांनी बैल ओढून काढले. माझ्या एका बैलानं मात्र पोटभर पिऊन घेतलं होतं. दुपारी तो गोठ्यात आडवा झाला, तोंडाला फेस आला आणि गेला. शिंगांना लावलेला रंगसुद्धा अजून वाळला नव्हता. बैल नव्हता तो, माझं लेकरू होतं.

आणि त्याचे स्वतःचे बैल कुठं होते? त्याच्या विहिरीवर. म्हणजे मेल्याला माहीत होतं. तोवर पाणी वाहून जाईल असं धरून बसला असेल, आणि मग धीर सुटला असेल. मी चारचौघांत विचारलं, "तुमचे बैल काहून नाई आनले नाल्यावर?" त्यानं मान खाली घातली.

संध्याकाळी त्यानं आपल्या जोडीतला एक बैल आणून माझ्या अंगणात बांधला. मी दावं सोडून हाकलून दिला. पेरणीला माहेरहून बैल आणला, पण त्याचा घेतला नाही. 'चुकलो' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि निघाला असता तरी मी माफ केलं नसतं.

तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला. कशाचं काय! पुढच्या पावसाळ्यात धुरा फोडलाच. फक्त आधी वर उभा राहून गळा फाडून ओरडायचा, "सूनबाई वं! ढोरं काढ! पानी सोडून राहिलो!" मी खालून एक सणसणीत शिवी हासडायची. शिवी ऐकू आली की समजायचा, ढोरं निघाली. मगच फावडं मारायचा.

एकदा ढोरं नाल्यावर होती आणि मी तापानं वावरातल्या झोपडीत पडून होते. हा वरून ओरडतोय, माझा आवाज निघेना. त्यानं धुरा फोडला नाही. चिखल तुडवत खाली आला, ढोरं स्वतः हाकून झोपडीपाशी बांधली आणि परत वर गेला. तेवढ्या वेळात त्याच्या बागेत पाणी तुंबलं, पुढं दोन-चार झाडं सडली म्हणे. मी आभार मानले नाहीत.

पुढं एका उन्हाळ्यात लू, म्हणजे उन्हाची झळ, लागून गेला. तेरवीला मी गेले, पण जेवले नाही.

मग पावसाळा लागला. ढोरं नाल्यात होती आणि पाणी एकाएकी पिवळं होऊन चढायला लागलं. वरून आवाज नाही, काही नाही. त्याच्या पोरांनी मुकाट्यानं धुरा फोडला होता. कशीबशी ढोरं काढली, पडले, गुडघे फुटले, आणि काठावर उभी राहून मी जी सुटले! मेल्या, मुडद्या, तोंडाला येईल ते. त्याचा थोरला फावडं टाकून धावत आला.

"वहिनी, आमाले काहून शिव्या देऊन राहिल्या?"

"तुले नाई रे," मी म्हटलं, आणि रडू काही थांबेना. "तुह्या बापाले देऊन राहिली. मरायच्या आधी पोरांले एक आवाज द्याले शिकवता नाई आलं त्याले?"